तिसऱ्या पाळीचा प्रीअँप

ज्ञानदेव वाघमारे तिसरी पाळी उरकून सकाळी खराळवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांत शिरला, तेव्हा टेबलावरच्या दोन पेट्या मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवारांसारख्या त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. उमेदवार ताजेतवाने होते. मुलाखत घेणाराच उभ्याउभ्या पेंगत होता.

नोकरीला लागल्यापासून ज्ञानदेवने एकेक वस्तू जमवली होती. आधी टर्नटेबल, मग अँप्लिफायर, मग कपाटाएवढे स्पीकर. ते ठेवायला खरं कपाट विकावं लागलं. आता राहिला होता प्रीअँप. रेकॉर्डवरची सुई जे कुजबुजते ते पुढच्या अँप्लिफायरला ऐकू जाईल इतकं मोठं करून सांगणारी पेटी. "हा चांगला नसेल तर बाकीचं सगळं फुकट," असं तो बायकोला सांगे. शालनबाईला ते लगेच पटे. बाकीचं सगळं फुकट आहे, हे तिचं मत पहिल्यापासूनच होतं.

एक पेटी कंपनीतल्या खासनीस साहेबांच्या मेव्हण्याने कुवेतहून आणलेली. रुपेरी, गुळगुळीत, बटण फिरवलं तर लोण्यात बोट फिरवल्यासारखं वाटावं अशी. दुसरी पिंपरी बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या युसुफने स्वतः बांधलेली, व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओत पेटतात त्या काचेच्या नळ्यांची. तिला त्याने दुकानाच्या दाराचा उरलेला हिरवा रंग दिला होता. शनिवारी साहेबांना हो की नाही ते सांगायचं होतं. नाही म्हटलं की रुपेरी पेटी लोणावळ्याच्या एका डॉक्टरकडे जाणार, ती कायमची.

निवांत ऐकायला खरं म्हणजे गुरुवार होता. पण गुरुवारी कारखाने बंद, आणि कारखाने बंद म्हणून वीज मंडळही त्याच दिवशी दुरुस्तीला तारा उतरवून ठेवी. म्हणजे ज्या दिवशी माणूस जागा, त्या दिवशी वीज झोपलेली.

मग रोज सकाळी घरी आल्यावर ज्ञानदेव तोडी रागाची रेकॉर्ड लावी आणि खुर्चीत बसे. तंबोरे जुळायचे, गाणाऱ्या बाई पहिला षड्ज लावायच्या, आणि ज्ञानदेवची मान छातीवर यायची.

"कशी वाटली आज?" जाग आल्यावर तो विचारी.

"तुमच्या घोरण्यापुढं जेवढी ऐकू आली तेवढी बरी होती," शालनबाई म्हणे.

शनिवार उजाडला. रेकॉर्डची एक बाजूही त्याने जागेपणी पुरती ऐकली नव्हती. चहाचा कप हातात घेऊन तो भिंतीकडे बघत राहिला.

"एक सांगू का?" शालनबाई म्हणाली. "ती चांदीवाली लावली की रेकॉर्ड सरताच तुमी दचकून उठता. 'मशीन का थांबलं?' म्हणून वरडता. परवा मलाच सुपरवायझर समजून उत्तर दिलंत. युसुफभाईंची लावली की दुपारपर्यंत हूं न्हाई की चूं न्हाई."

ज्ञानदेवच्या लक्षात आलं. कारखान्यातल्या शॉपमध्ये मशीनचा आवाज असतो तोवर कुणी मान वर करत नाही. आवाज थांबला की सगळे दचकतात. रुपेरी पेटी गाणं संपलं की अगदी गप्प होई. युसुफची पेटी गाणं संपलं तरी आपली बारीक घूं चालूच ठेवी.

आणि ही घूं म्हणजे दोष. ज्ञानदेव कंपनीत तपासनीस होता. केसाएवढा फरक दिसला तरी मालाला लाल रंग फासणारा. त्याच्या लाल रंगाला कामगार टरकून असत.

दहाच्या सुमाराला युसुफ आला. "बोल भाऊ, काय ठरलं?"

"तुझी ठेवतो."

"बघ! सांगत होतो ना! व्हॉल्व्हचा गोडवा त्या डब्यात कुठून येणार?"

"गोडव्याचं मला विचारू नको, युसुफ. मी ऐकलीच न्हाई."

"मग ठेवतोस कशाला?"

"झोप चांगली लागते."

युसुफचा चेहरा पडला. "ती घूं होय? अरे, ती तार नीट बसली नाही म्हणून. आत्ता काढून देतो."

"काढू नको."

"भावा, इज्जतीचा सवाल आहे! लोक म्हणतील, युसुफची पेटी कण्हते. ऐकायला बांधली मी ती, अंगाई म्हणायला नाही."

"ऐकीन की. रिटायर झाल्यावर."

"तोवर तुला ऐकू येईल?"

"तोवर तुझे व्हॉल्व्ह टिकतील का ते सांग."

"व्हॉल्व्ह टिकतील," युसुफ खुर्ची ओढत म्हणाला. "आपलं काय सांगावं, बाबा. चल, माझ्यादेखत एकदा पुरी ऐक. मग घूं राहू दे, मी काही बोलणार नाही."

ज्ञानदेवने रेकॉर्ड लावली. डोळे ताणून तो समोर बघत बसला. बाईंनी षड्ज लावला. युसुफ अभिमानाने त्याच्याकडे वळला, तर मान छातीवर. "अरे यार," एवढंच तो म्हणाला. हलवायला हात पुढे केला, पण तो तिथेच खुर्चीच्या दांडीवर ठेवला. पेटी बांधताना त्याचीही कित्येक जागरणं झाली होती, ती अजून भरून निघाली नव्हती.

शालनबाई दोन कप घेऊन आली तेव्हा दोघेही तोंड उघडं टाकून झोपले होते. बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत नुसतीच फिरू लागली. पेटी घूं करत राहिली. कुणी दचकलं नाही.

तिने कप खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि सुई अलगद उचलली. रेकॉर्ड उलटली. आठवडाभरात उलटायला ज्ञानदेव जागा नव्हता आणि तिला सवड नव्हती, त्यामुळे दुसरी बाजू या घरात कुणीच ऐकली नव्हती. भिंतीला टेकून तिने पाय लांब केले, पहाटेपासून पहिल्यांदाच, आणि एक चहा प्यायली. मग दुसराही प्यायली. त्या बाजूला बाई जरा मोकळ्या आवाजात गात होत्या.