आगाऊ सह्या

लोहाऱ्याच्या दाल मिलमध्ये मी पगाराचं रजिस्टर सांभाळते. दिवाळीआधी शेठ म्हणाले, ऑडिट आहे, पुढच्या तीन महिन्यांच्या सह्या आताच घेऊन ठेव. मी रजिस्टर घेऊन डाळ निवडणाऱ्या बायांमध्ये फिरले. पंचफुलाबाईने कशासाठी म्हणून विचारलंही नाही. "तू म्हनलं, मंग झालं," म्हणाली आणि तीन ठिकाणी सही केली. शेवटच्या सह्या माझ्या.

त्यानंतर तीन महिने कुणालाच पगार नाही. शेठ दरवेळी "सोमवारी" म्हणायचे. कोणत्या सोमवारी, ते विचारायची आमची हिंमत नव्हती. पंचफुलाबाईची मुलगी पांढरकवड्याला शिकते. मेसवाल्याने तिचा डबा बंद केला, तेव्हा बाईने कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. बाकीच्या बाया घाबरल्या. मीही घाबरले.

सुनावणीच्या दिवशी सकाळी शेठने मला केबिनमध्ये बोलावलं आणि माझे तिन्ही पगार टेबलावर ठेवले. मी नोटा पर्समध्ये टाकल्या. आनंद झाला नाही, रागही आला नाही. आपण काय घेतोय हे मला चांगलं कळत होतं.

अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडलं. "बाई, या सह्या तुमच्याच?"

"माह्याच हायेत साहेब. पन पैसे नाही भेटले. सह्या आधीच घेतल्या. या प्रेरणाले इचारा, तिलेबी नाही भेटले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला पगार मिळाला?"

"मिळाला."

"तिन्ही महिन्यांचा?"

"हो."

"सह्या आधी घेतल्या होत्या का?"

शेठ शेजारीच बसले होते. मी रजिस्टरमधल्या माझ्याच सह्या पाहत राहिले. अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहिलं आणि अर्ज निकाली काढला.

बाहेर आल्यावर पंचफुलाबाईने विचारलं, "तुले कवा भेटला वं?"

"आज सकाळी."

मी शिव्यांची वाट पाहत होते. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आज?" तिचा चेहरा उजळला. "मंग आमचाबी आजच भेटन. चाल, मिल बंद व्हायच्या आत जाऊ."

ऑटोतून उतरताना तिने दोघींचं भाडं काढलं. "तुह्या नोटा मोडू नको. पुरा पगार घरी नेजो," म्हणाली.

मी तिला देऊ दिलं.