बियाण्याचा पडवळ

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या सामुदायिक मळ्यात टेलिव्हिजनवाले येणार हे कळले, तेव्हा अहिल्याबाई पाटणकरांनी घरात स्पष्ट बजावले की असल्या तमाशाशी आपला काडीमात्र संबंध राहणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी, कॅमेरा येण्याच्या चांगला अर्धा तास आधी, त्या नारायणपेठी नेसून आपल्या वाफ्यावर हजर झाल्या.

"आई, चिखलात नारायणपेठी?" सून राधिका म्हणाली. दुभाषी म्हणून तिला ऑफिसातून रजा घ्यायला लावली होती.

"मी रोजच नेसते."

रोज त्या परीक्षितची, म्हणजे मुलाची, जुनी ट्रॅकपँट आणि त्याच्या कंपनीचे नाव छापलेला टी-शर्ट घालून मळ्यात येत. राधिका वाकून त्यांच्या निऱ्या चिखलातून वर धरू लागली. अठरा वर्षांच्या संसारात ती एवढे शिकली होती.

मालिकेचे नाव होते 'फोर्टी प्लॉट्स, वन समर'. चाळीस वाफे, चाळीस माळी, आणि पेरणीपासून काढणीपर्यंतची त्यांची सुखदुःखे. दिग्दर्शिका मेगन ही तिशीतली, उत्साहाने काठोकाठ भरलेली मुलगी होती. गाजर जमिनीखाली येते हे तिला ठाऊक होते. त्यापलीकडे शेतीचे ज्ञान तिला कामात अडथळा वाटे.

अहिल्याबाईंच्या वाफ्याची कीर्ती मात्र खरी होती आणि ती होती पडवळाची. त्यांच्या सासरी, रेवदंड्याला, परसातल्या मांडवावर तीन पिढ्या चढत आलेला तो पांढऱ्या रेघांचा लांबलचक पडवळ. त्याचे बी अमेरिकेत कसे आले हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. ते रेवदंड्याचे घर आता उरले नव्हते; तिथे कोणीतरी पोहण्याचा तलाव असलेले हॉटेल बांधले होते. पृथ्वीच्या पाठीवर ते वाण आता फक्त अहिल्याबाईंच्या कुंकवाच्या जुन्या करंड्यात होते.

भाजी त्या पिशव्या भरभरून वाटीत. बी मात्र कोणाला देत नसत. वाटण्याआधी पडवळ चिरून आतला मगज, त्यातले कोवळे बी उगवत नाही हे ठाऊक असूनही, स्वतःच्या हाताने काढून घेत, आणि लोकांना वाटे, काय हा आजींचा चोखंदळपणा! शेजारच्या वाफ्याची सुलेखा, साठीची, मूळची नागपूरची, हिने मात्र चार वर्षांपूर्वी लागोपाठ तीनदा बी मागितले. तिसऱ्यांदा मागितले ते नेमके हळदीकुंकवाला, वीस बायकांच्या देखत. नाही म्हणता येईना. तेव्हा अहिल्याबाईंनी तिला पाच बिया दिल्या, कागदाच्या पुडीत, वर हळदीचे बोट लावून. देण्याआधी आत जाऊन त्या तव्यावर मंद आचेवर भाजल्या, एवढेच.

सुलेखाने त्या पेरल्या, पाणी घातले, जून संपेपर्यंत वाट पाहिली. काही उगवले नाही.

"एकेकाचा हात असतो गं," अहिल्याबाई तिला म्हणाल्या होत्या, "मातीला तो लागावा लागतो." आणि सुलेखाने ते मनाला लावून घेऊन तेव्हापासून नुसता दुधी लावला.

या वर्षी करंड्यात सातच बिया उरल्या होत्या. मागच्या साली हिम लवकर पडले आणि बियाण्यासाठी वेलावर राखलेला पडवळ पिकण्याआधीच काळा पडला. म्हणून सात. मे महिन्याच्या शेवटी, माती हाताला कोमट लागल्याशिवाय त्या पेरायच्या नाहीत, हा नियम.

"पण आमचा पेरणीचा भाग एप्रिलचा आहे," मेगन म्हणाली. राधिकाने ते मराठीत आणले.

एप्रिलमध्ये पडवळ पेरणे म्हणजे तान्ह्या मुलाला उघड्यावर निजवणे. हे अहिल्याबाईंना माहीत होते. पण मेगन पुढे म्हणाली की मग पहिल्या भागात आपण शेजारच्या बाईंचा दुधी दाखवू. अहिल्याबाईंनी करंडा उघडला.

बिया पेरल्या. "सुंदर! पुन्हा एकदा," मेगन म्हणाली, कारण सूर्य ढगाआड गेला होता. बिया उकरून पुन्हा पेरल्या. मग कोणाचा तरी फोन वाजला. मग अहिल्याबाईंची सावली खड्ड्यात पडली. चौथ्यांदा उकरताना सहाच सापडल्या.

"आई, त्या म्हणतायत, हातातून माती अशी स्लोली पडू द्या. आणि चेहऱ्यावर थोडं... होप पाहिजे."

"काय पाहिजे?"

"आशा."

"ती त्यांनी घरून आणायची. मी बी आणलंय."

एप्रिल थंडच राहिला. सहांपैकी पाच मातीत कुजल्या. एक उगवली. तिला अहिल्याबाईंनी दुधाच्या बूड कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनखाली झाकून, मायेने आणि दहशतीने वाढवले. जुलैत वेल मांडवावर चढला आणि ऑगस्टमध्ये पहिला पडवळ धरला. त्याच्या देठाला त्यांनी लाल चिंधी बांधली: हा बियाण्याचा, याला विळी लागायची नाही. वेलावर पिकून, नारिंगी होऊन, आपणहून उकलेल तेव्हाच याचे बी घ्यायचे.

त्याच्या टोकाला त्यांनी दोरीने दगड बांधला, जसा पुढच्या प्रत्येक पडवळाला बांधला.

मेगन भारावून गेली. "या दगडांचा अर्थ काय?"

"दगड नसेल तर पडवळ वाकडा होतो. वजनानं सरळ वाढतो," अहिल्याबाई म्हणाल्या.

राधिकाने ते जसेच्या तसे सांगितले. मेगनचा चेहरा पडला. आणि पुढच्या भागात, बासरीच्या पार्श्वसंगीतावर, एका गंभीर पुरुषी आवाजाने अमेरिकेला सांगितले की या आजी प्रत्येक दगडात एकेका पूर्वजाचे स्मरण बांधतात.

मराठी मंडळात खळबळ उडाली. दोन बायका मांडवाखाली येऊन दगडांना नमस्कार करून गेल्या. परीक्षितचे सहकारी त्याला विचारू लागले की तुमच्याकडे प्रत्येकाचा दगड असतो का.

"आई, तू त्यांना सांगत का नाहीस की हे साफ खोटं आहे?" परीक्षित म्हणाला.

"खोटं कशाला? मोठा दगड तुझ्या आजीच्या नावाचा म्हण हवा तर. जन्मभर मला खालीच ओढलं त्यांनी." मग त्या म्हणाल्या, "सरळही ठेवलं."

टेलिव्हिजनवाल्यांना खुलासा मात्र त्यांनी केला नाही तो नाहीच. कारण आता दुकानात वांगी निवडताना अनोळखी गोऱ्या बायका त्यांच्याकडे पाहून हात जोडीत होत्या, आणि अहिल्याबाईंना त्या हात जोडण्याची सवय होऊ लागली होती. वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी लागलेली सवय सुटायला अवघड.

सप्टेंबरमध्ये शेवटच्या भागाची घोषणा झाली. साऱ्या मळ्यातून सर्वांत लांब भाजी कोणाची, ते मोजायचे. जिंकणाऱ्याला सोनेरी खुरपे. निवृत्त पोस्टमन वॉल्टर आपल्या काकडीशी रोज बोलत असे. ती तीन फुटांवर अडली होती. सुलेखाचा दुधी चार फूट सात इंच भरला. आणि अहिल्याबाईंच्या वेलावर पाच फूट आठ इंचांचा एकच पडवळ होता, ज्याच्या देठाला लाल चिंधी होती. बाकीचे अडीच फुटांच्या पुढे गेले नव्हते.

वेलावर लटकलेला चालणार नाही, कापून टेबलावर ठेवायचा, असा नियम होता. चिंधीचा पडवळ पिकायला अजून निदान पाच आठवडे हवे होते.

"आई, कापू नका," राधिका म्हणाली. "दुसरं बी नाहीये. तुम्हीच म्हणाला होतात, याला विळी लागायची नाही."

"अगं, जस्ट एक पडवळ आहे," परीक्षित म्हणाला. "मी ऑनलाइन दहा पॅकेट मागवतो."

अहिल्याबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की तो आपला लॅपटॉप उचलून वरच्या मजल्यावर गेला.

त्या दिवशी त्या मांडवाखाली बराच वेळ उभ्या होत्या. कुंपणापलीकडे सुलेखा दुधीला ओल्या फडक्याने पुसत होती, एखाद्या नवरीला उटणे लावावे तशी.

"काकू, तुम्ही बियाण्याचा कशाला कापता?" ती म्हणाली. "राहू द्या ना. माझा दुधी आहेच की."

ते ती खरोखरच चांगुलपणाने म्हणाली असेल. पण 'माझा दुधी आहेच की' हे चार शब्द अहिल्याबाईंच्या कानातून थेट मस्तकात गेले. त्यांनी विळी मागवली.

अहिल्याबाई जिंकल्या. सोनेरी खुरपे प्लास्टिकचे होते आणि रंग हाताला लागत होता. मेगनने त्यांना मिठी मारली, सुलेखाने टाळ्या वाजवल्या, वॉल्टरने डोळे पुसले, ते बहुधा काकडीसाठी. घरी येऊन अहिल्याबाईंनी स्वयंपाकघराचे दार लोटले आणि पडवळ उभा चिरला. आत बिया होत्या; पांढऱ्या, मऊ. नखाने दाबताच पाणी झाल्या.

त्यांनी त्याची भाजी केली. सर्वांना वाढली. स्वतः घेतली नाही.

नंतरचे तीन आठवडे त्यांनी उरलेल्या अडीचफुट्यांवर आशा ठेवली. पण ऑक्टोबरच्या मध्यात एका पहाटे हिम पडले आणि वेल कोळपून गेला. दुपारी त्या एकट्याच दगड सोडायला मळ्यात गेल्या. टेलिव्हिजनवाले केव्हाच तंबू आवरून दुसऱ्या राज्यात मधमाश्यांकडे गेले होते. सुलेखाच्या वाफ्याकडे निरखून न पाहण्याचा अहिल्याबाईंचा वर्षानुवर्षांचा नियम होता. पण दुधीची पाने गळून पडली होती आणि त्यामागे, कुंपणाच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेले काहीतरी लटकत होते. चादरीखालून नारिंगी टोक दिसत होते. टोकाला दगड होता.

"तुमचंच आहे, काकू." सुलेखा मागे उभी होती. "एप्रिलमध्ये शूटिंगच्या गडबडीत तुम्ही माती उकरत होतात ना, एक बी इकडे उडालं. मी परत देणार होते, खरंच. पण म्हटलं, न मागता आलेलं आहे, बघू तरी, आपला हात लागतो का." ती ओशाळून हसली. "हिमाच्या भीतीनं रोज रात्री चादर घालत होते. शूटिंगला दाखवलं नाही. तुम्हाला वाटलं असतं, चोरलं."

अहिल्याबाईंनी आयुष्यात मागितले कधीच नव्हते. लोक त्यांच्याकडे मागत. शब्द कुठून सुरू करायचा हेच त्यांना कळेना.

"सुलेखा," त्या म्हणाल्या, "मला यातलं थोडं बी... देशील?"

"काढलंय की! एक आधीच पिकून फुटला होता." सुलेखाने पर्समधून पुडी काढली. "पाचच देते हं आत्ता."

पाच तपकिरी, खडबडीत बिया अहिल्याबाईंच्या तळहातावर आल्या. आणि काय करतो आहोत हे कळायच्या आत त्यांनी तो हात नाकाशी नेला आणि खोल श्वास घेतला.

सुलेखा पाहत राहिली. भोळी असली तरी जन्मभर स्वयंपाक केलेली बाई होती ती. बी कशासाठी हुंगतात हे तिला एक-दोन क्षणांतच उमगले.

"भाजलेलं नाही, काकू," ती अगदी हळू म्हणाली. मग रिकाम्या पुडीची घडी घालत, "मला ते सुचलंच नसतं."

पलीकडच्या वाफ्यात वॉल्टर पाला गोळा करीत होता. अहिल्याबाईंनी मान वर केली नाही. चार वर्षे ही बाई स्वतःच्या हाताला दोष देत आली होती. क्षमा मागायची कशी, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्यांनी शिकायचे मनावरही घेतले नव्हते. त्या पुढे झाल्या, वाकल्या आणि चादरीखालचा दगड तपासू लागल्या.

"तारेनं कोणी बांधतं का?" त्या म्हणाल्या, आवाज नेहमीसारखाच करडा होता, फक्त मध्येच अडखळला. "साल कापली जाते. सुतळी घ्यायची, दोन पदरी. आणि मे संपल्याशिवाय पेरायचं नाही, कॅमेरा येवो नाहीतर इंद्र येवो. माती कोमट लागली पाहिजे. पाण्यात एक रात्र भिजवून, टोक खाली करून लावायचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही."

सुलेखाने तार सोडायला घेतली.

"आणि हात," अहिल्याबाई म्हणाल्या, "लागतो तुझा. पहिल्यापासून लागत होता."

मग त्यांनी आपल्या मेलेल्या वेलाखालचा सर्वांत मोठा दगड, सासूबाईंच्या नावाचा, दोन्ही हातांनी उचलला आणि कुंपणावरून सुलेखाच्या वाफ्यात ठेवला.