हातावरचं भोपाळ

मी बोलतोय ते सुचेताताईंच्या कपाटातल्या वरच्या खणातून. मी एक मनगटी घड्याळ, रोज किल्ली द्यावी लागते असं जुन्या वळणाचं. पट्टा तिसरा, काच दुसरी, बाकी सगळं पहिलंच. अजून चालतो आहे, आणि तेच माझं दुखणं आहे.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा कुठे आठवतो? अक्कल मात्र मला भोपाळच्या जवाहर चौकात आली, दत्तूशेठच्या दुकानात. आठ महिने मी तिथे काचेखाली पडून होतो. एक गृहस्थ रोज यायचे, मला कानाला लावायचे, वेळ बघायचे आणि निघून जायचे. शेठ हसून म्हणायचे, "यांना घड्याळ नको, वेळ हवीय. नेऊ द्या, बापडे!"

मग एक दिवस नरहर सबनीस आले. सोनागिरीला लागून जी सरकारी कारखान्याची वसाहत आहे, तिथले इंजिनिअर. कारखाना त्यांना दोन वर्षांसाठी लिबियात वीजकेंद्र उभारायला पाठवत होता. शेठनी मला त्यांच्या हातावर बांधलं आणि फुकटचा सल्ला दिला, "साहेब, उतरल्याबरोबर याला तिथल्या वेळेवर लावा बरं का. ज्या गावचा बाजार, त्या गावचं घड्याळ."

साहेब म्हणाले, "आमचं घड्याळ भोंग्यावर चालतं, शेठ."

खरं होतं ते. वसाहतीत सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की घरोघर पुरुषमाणसं घड्याळाचा काटा जुळवत. भोंग्यावर दाढी, भोंग्यावर डबा. बावीस वर्षं साहेबांनी दुसरी वेळ मानली नव्हती. विमानात सगळ्यांनी आपापल्या घड्याळांचे काटे फिरवले. साहेबांनी माझ्यावर तळवा ठेवला, जणू कुणी मला चोरून नेणार होतं.

तिथली वेळ भोपाळच्या साडेचार तास मागे. साहेब मनातल्या मनात वजाबाकी करत कामावर जायचे. पण वेळ म्हणजे नुसते आकडे नसतात हो, गावाची चाल असते ती. तिथे सुटी शुक्रवारी. पहिल्याच शुक्रवारी साहेब डबा घेऊन बंद फाटकासमोर उभे राहिले, आणि रविवारी झोपून राहिले म्हणून गैरहजेरी लागली. भर दुपारी साबण आणायला निघाले, तर अख्खा बाजार कुलूप लावून निजलेला. संध्याकाळी दुकानं उघडायची, तेव्हा हे माझ्याकडे बघून म्हणायचे, "आता तर घरी जेवणं उरकली असतील."

खोलीत सोबत बाळू होता, अमरावतीकडचा फिटर. तो म्हणायचा, "का जी साहेब, हातावर भोपाळ बांधून हिंडता, अन् पाय तर इथं वाळूत आहेत! कोणाचं तरी एकाचं ऐका ना बाप्पा."

"तू नाही समजणार," साहेब म्हणायचे. "यात बायको दिसते मला, कमलिनी. आत्ता कुकर लावला असेल तिनं."

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा अभिमान वाटायचा.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीचं, सुचेताचं लग्न ठरलं. मुहूर्त एक एप्रिल, शुक्रवार, दुपारी साडेबारा. केंद्र सुरू करायची घाई होती, म्हणून साहेबांची रजा नामंजूर झाली. सुचेताने पत्रात लिहिलं, "बाबा, तुमचा आशीर्वाद कानात पडल्याशिवाय मी अंतरपाट दूर करू देणार नाही." साहेबांनी ते पत्र बाळूला तीनदा वाचून दाखवलं. मग टेलिफोन कचेरीत जाऊन, लग्न होणार होतं त्या वसाहतीच्या कम्युनिटी हॉलचा नंबर नोंदवला. साडेबारातून साडेचार गेले, राहिले आठ. सकाळी आठचा फोन पक्का झाला.

आदल्या दिवशी संध्याकाळी बाळू सांगत आला, "साहेब, नोटीस लागली. उद्यापासून या लोकांची घड्याळं एक तास पुढं. उन्हाळ्याची वेळ म्हणे."

"असं कुठे असतं का? सरकार काय सूर्याला हुकूम देणार?" साहेब हसले. "आणि देऊ दे. माझं घड्याळ मी हलवत नाही. भोपाळ सरकलंय का एक तास?"

भोपाळ सरकलं नव्हतंच. म्हणून तर घात झाला.

शुक्रवारी साहेब धुवट सदरा घालून, रुमालात अक्षता बांधून निघाले. बाळूही सोबत. कचेरीत पोचलो तेव्हा माझ्यात बारा दहा. भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊला पाच कमी.

खिडकीतला माणूस मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सबनीस? आठ वाजता तीनदा पुकारलं. फोन रद्द."

"आठ अजून वाजायचेत!" साहेबांनी मला त्याच्या नाकासमोर धरलं. "हे बघा!"

त्याने मला नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, कीव होती. "हे तुमच्या घरचं. फोन इथून लागतो."

"मग आत्ता लावा. पाया पडतो तुमच्या. मुलीचं लग्न आहे."

"पुढची लाईन संध्याकाळी पाचला."

साहेब बाकावर बसले. मी मात्र चालत राहिलो, थांबणं माझ्या हातात नव्हतं. साडेबारा झाले. बाळू उठून उभा राहिला आणि परक्या लोकांनी भरलेल्या त्या कचेरीत मोठ्याने म्हणाला, "शुभमंगल सावधान!" साहेबांनी पूर्वेच्या भिंतीकडे अक्षता टाकल्या. झाडूवाल्याने पाठोपाठ त्या गोळा करून नेल्या.

तिकडचं पुढे कमलिनीबाईंच्या पत्रातून कळलं. साडेअकराला, म्हणजे लिबियात नव्या वेळेचे आठ वाजले तेव्हा, फोन वाजला, त्या धावल्या, पण पलीकडे कुणीच नव्हतं. पुन्हा वाजेल म्हणून सुचेता हटून बसली. मुहूर्तावर सतरा मिनिटं उलटली. शेवटी वराचे मामा ओरडले, "लग्न बापाच्या फोनशी लावायचंय की आमच्या पोराशी?"

त्या सतरा मिनिटांनी पोरीचा संसार कुरतडला. मूल उशिरा झालं, "मुहूर्त टळला ना!" नवऱ्याची बढती हुकली, "टळला ना!" सासर टोमणे मारत राहिलं, आणि ती म्हणत राहिली, "बाबांचा काय दोष? तिकडची लाईनच खराब होती."

कारण साहेबांनी उत्तरात तसंच लिहिलं होतं. परत आल्यावरही तेच सांगितलं. पुढे वीस वर्षं दर दिवाळीला ती माहेरी आली, की ते खरं सांगायला तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "चहा घेतेस का?" बाळू इमानी निघाला, कुठे बोलला नाही.

साहेब गेले तेव्हा सुचेताताईंनी दागिना मागितला नाही, मला मागून घेतलं. रोज सकाळी त्या मला किल्ली देतात आणि मुलाला सांगतात, "आजोबांनी परदेशातसुद्धा याचा काटा हलवला नाही. इतका जीव होता त्यांचा आमच्यावर." मग पदराने माझी काच पुसतात.

बाबांनो, परदेशी जाल तर उतरल्याबरोबर आपलं घड्याळ त्या गावाच्या स्वाधीन करा. प्रेम कमी होत नाही त्याने. आणि सुचेताताई, तुमच्या बाबांना लाईन मिळाली होती. ती खाल्ली मी. मला पुसू नका.