मोहरीची पाचवी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी मोहरी आहे. जुनी म्हणजे पावणेचार महिन्यांची. आमच्यात एवढं वय झालं की लोक आदराने उपटतात.

१९९८ ची दिवाळी झाली आणि कोडोलीत धोंडुबाईंच्या रानात माझा जन्म झाला. नऊ ओळी कोबीच्या, मग एक मोहरीची, असा बेत होता. मी मोहरीच्या पाचव्या, शेवटच्या ओळीत. एवढ्या मोक्याच्या जागी उभं केल्यावर मी स्वतःला रखवालदार समजू लागले. हत्यारही होतं. माझ्या पानात दोन रस वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. भेट होत नाही म्हणून भांडण नाही. कुणी पान चावलं की मधली भिंत पडते, दोघे भिडतात आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. एकदा शेजारच्या आकारामांच्या शेळीने मला चावा घेतला. ती तीनदा शिंकली आणि माफी न मागता निघून गेली. त्या दिवसापासून मी कोबीशी फारसं बोलत नसे.

मग बारीक पतंग आले. त्यांच्या अंड्यांतून हिरव्या अळ्या निघाल्या. त्यांनी चावलं, मी झणका सोडला. आणखी पतंग आले. ज्या वासाने शेळी पळते, तो या मंडळींना जेवणाची घंटा वाटतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आठवड्याभरात माझी चाळण झाली.

त्यातच धोंडुबाई आणि त्यांचे मालक गुंडूराव बांधावर बोलताना ऐकलं.

"अळीनं मोहरी खावी आन् कोबी सोडावा, म्हणून तर लावलीया. कृषी सहायक सांगून गेल्यात," धोंडुबाई म्हणाल्या.

"आन् कोबी न्हाय आला तर?"

"तर म्होरल्या साली हितं ऊस लावा. मी भाजीचं नाव काढणार न्हाय."

म्हणजे मी रखवालदार नव्हते. ताट होते. लाजेने तोंड लपवावं, तर एक धड पान उरलं नव्हतं.

धोंडुबाई चार दिवस माहेरी गडहिंग्लजला गेल्या. रस्त्याने जाताना आकाराम थांबले.

"काय गुंडूराव, अळ्यांचं पीक घेतलंयसा व्हय? डेअरीला घालणार की बाजारात?"

रस्त्यावरून शेत कसं दिसतं, याची गुंडूरावांना फार काळजी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोहरीच्या चार ओळी उपटून बांधावर टाकल्या. मग ते माझ्याकडे वळले. सांगायला लाज वाटते, पण मी मनात म्हणाले, उपटा एकदाचं.

तेवढ्यात एस.टी. थांबली. पिशवी हातातच धरून धोंडुबाई धावत आल्या. उपटलेली मोहरी सुकत होती आणि तिच्यावरच्या अळ्या रांगेने कोबीकडे निघाल्या होत्या.

"अवो, काय केलंसा ह्ये! मोहरी काय पावण्यांना दाखवायला लावलीया व्हय?"

"आकाराम हसला की."

"हसू दे की! त्यो काय कोबी राखाय येतोय?"

नवराबायकोने दोन दिवस वाकून कोबीवरच्या अळ्या वेचल्या. हाताला लागल्या तेवढ्या मेल्या, पण पतंग उडतच होते. आता राहिली होती फक्त माझी ओळ. संध्याकाळी एक अळी मला चावू लागली. मी पहिल्यांदाच मनापासून झणका सोडला. या म्हटलं, सगळे इकडेच या. आणि आले, मित्रांनो. एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता.

कोबीच्या तीन ओळी वाया गेल्या. बाकीचे गड्डे कळशीएवढे झाले. काढणीच्या वेळी आकाराम पुन्हा थांबले. त्यांच्या कोबीचं जाळं झालं होतं. "मोहरीचं बी हाय काय थोडं?" त्यांनी इकडे-तिकडे बघत विचारलं.

"हाय की," गुंडूराव म्हणाले, "पर आधी आमच्या रानात. म्होरल्या साली बी हितं कोबीच हाय." धोंडुबाईंनी गड्डा जरा जोरात पाटीत टाकला.

मला तीनच शेंगा आल्या. त्या आता पुरचुंडीत आहेत. मित्रांनो, रस्त्याकडेला भोकं पडलेलं झाड दिसलं, तर हसण्याआधी त्याच्या मागे काय उभं आहे तेवढं बघा. उपटायची घाई करू नका.

आणि कधी ती शेळी भेटली, तर तिला यातलं काही सांगू नका.