अडतीस, बत्तीस, तेवीस

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर आई बसली होती. डोळ्यांवर पट्टी, हातात सुई-दोरा. पट्टी असूनही तिने शर्टावर बटणाचं काज इतकं सुबक केलं, की मागचे लोक खुर्च्यांवर चढून बघू लागले.

"तुमच्या पहिल्या शिलाईच्या दुकानासमोर काय होतं, आई?" स्मृतिमहाराजांनी डोळे मिटून विचारलं.

"बेकरी. आणि एक लंगडी कुत्री."

टाळ्यांचा कडकडाट! "गेलेली स्मृती परत आली!" महाराज गरजले. "मेंदूचं कुलूप उघडलं! आजपासून गोळ्या बंद!"

खाली बसलेली तिची धाकटी मुलगी दचकली. सहा महिन्यांपूर्वी तापाने आईच्या मेंदूला सूज आली, तेव्हापासून ती विसरू लागली आणि तिला आकडीही यायची. गोळ्यांनी आकडी थांबली होती. एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. पण थोरल्या भावाने आज सकाळीच गोळ्यांची बाटली खिशात घातली होती आणि आता तो पहिल्या रांगेत हात जोडून रडत होता.

"दादा, हे तर तिला आधीही आठवत होतं की रे!"

"गप बस. माणसं बघतायत."

"आणि नेमकं दुकानासमोरचंच विचारायचं, हे यांना कुणी सांगितलं?"

"अगं, दारात फॉर्म भरून घेतला ना. त्यात विचारलं होतं, रुग्णाला काय काय नीट आठवतं? मीच लिहिलं सगळं, बेकरी, कुत्री, काज..." बोलता बोलता तो अडखळला.

घ्या! म्हणजे महाराजांच्या दिव्यदृष्टीला फक्त थोरल्याचं अक्षर लागत होतं.

धाकटीला बसवेना. ती तरातरा मंचावर चढली आणि तिने आईच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. "आमच्या दुकानातली एकच परीक्षा घेते!"

"घेऊ द्या की!" मागून कुणीतरी ओरडलं. एवढ्या लोकांसमोर महाराज नाही कसं म्हणणार?

दुकानात रीत होती. एकाने टेप लावून मापं पुकारायची, दुसऱ्याने ती पुटपुटत खडूने कापडाच्या कोपऱ्यावर उतरवायची. मध्ये कुणी बोलायचं नाही. बोललं की मापं गेलीच. धाकटीने या वेळी खडू मात्र दिला नाही.

"आई, छाती अडतीस, कंबर बत्तीस, बाही तेवीस."

"अडतीस, बत्तीस, तेवीस. अडतीस, बत्तीस..." आई पुटपुटू लागली.

"बघा! ताजंसुद्धा आठवतंय!" महाराजांना राहवलं नाही. "बोला आई, कसं वाटतंय?"

आई पुटपुटायची थांबली. "बरं वाटतंय की."

"आई, मापं?"

"कसली मापं?" आई ओशाळून हसली आणि महाराजांकडे वळली. "साहेब, तुम्ही कधी आलात? माप घ्यायचं राहिलं का तुमचं?"

एकच हशा उसळला.

"हसू नका!" धाकटीने हात वर केला. "आत्ता ऐकलेलं आपण घोकतो तोवर टिकतं. तुमचंही तसंच. फक्त तुमच्या मेंदूत त्यातलं काही पुढे कायमचं साठतं. आईच्या मेंदूचा तो साठवणारा भाग तापात दुखावलाय. जुनं आधीच साठलेलं होतं, ते गेलंच नव्हतं. हाताची सवयही शाबूत होती. यांनी न हरवलेली वस्तू शोधून दाखवली! टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, की आधी काय होतं, आता नवं काय आलं, आणि यांना कुणी सांगितलं?"

स्वयंसेवक घाईघाईने लोकांच्या हातातले फॉर्म गोळा करू लागले, पण लोक ते सोडायला तयार होईनात.

थोरला खाली फोनवर डॉक्टरांशी बोलत होता. "सकाळची गोळी चुकली, डॉक्टर... हो, लगेच देतो." मग मंचावर येऊन त्याने खिशातल्या बाटलीतली गोळी आईच्या हातावर ठेवली.

"कसली रे गोळी?" आईने विचारलं.

"आकडीची, आई." त्याने पाण्याचा पेला तिच्या ओठांशी धरला.

दाराशी आल्यावर ती थबकली. "मला इथे कशाला आणलं होतंस?"

थोरल्याची मान खाली गेली. "चुकलं माझं, आई. तुझ्या गोळ्या बंद करायला निघालो होतो."

"असू दे रे. होतं असं."

कोपऱ्यावर वळताना तिने पुन्हा तेच विचारलं. थोरल्याने पुन्हा सगळं खरं सांगितलं.