अभिमननं माडी का बांधली नाही

तेहतीस सालच्या सुमारास दोंडाईच्यात ज्याचं बरं चाललं होतं, तो माडी बांधायचा. अभिमनच्या आता तीन बैलगाड्या होत्या, सरकी काढायच्या जिनात कापूस पोचवायचं काम बारमाही नसलं तरी भरवशाचं होतं. त्यालाही माडीच हवी होती. जुनं घर त्यानं पाडलं आणि नवं होईपर्यंत बायको मंजुळाबाई व थोरली बहीण भिकुबाई यांना घेऊन तो कापसाचा व्यापारी फुलचंदशेठ याच्या गोदामावरच्या खोलीत राहायला गेला.

आईबाप प्लेगात गेले तेव्हा अभिमन रांगत होता. विधवा होऊन माहेरी आलेल्या भिकुबाईनंच त्याला वाढवलं. पुढे खळ्यात बैलाच्या धक्क्यानं ती पडली, कंबर मोडली. भिंत धरून चार पावलं टाकायची, पण जिना तिच्यासाठी संपला होता. अभिमननं तिला पाठुंगळी घेऊन वर नेलं. तेव्हापासून ती खिडकीशी बसून असे. रस्त्यावरच्या बाया "अक्का, बरी शे ना?" असं ओरडून विचारत, ती हात हलवी.

चैत्रातल्या एका दुपारी अभिमन गाड्या घेऊन शिंदखेड्याला गेला होता, मंजुळाबाई पाण्याला. तेवढ्यात गोदामातल्या कापसानं पेट घेतला. लोक गठाणी बाहेर ओढू लागले. फुलचंदशेठ मात्र गठाणींकडे न बघता धुरातून जिना चढला. अंगानं जाड, चार पायऱ्यांत धाप लागणारा माणूस, पण भिकुबाईला पाठीवर घेऊन तो खाली आला आणि रस्त्यातच मटकन बसला. गोदामाचं छप्पर त्यानंतर कोसळलं.

संध्याकाळी अभिमननं त्याचे पाय धरले. शेठनं त्याला उठवलं. म्हणाला, "अरे, कापूस पुढच्या हंगामात परत येतो. अक्का कुठून आणणार होतास?"

दुसऱ्या दिवशी अभिमन बांधकामावर गेला आणि जीवराम गवंड्याला म्हणाला, "माडी नको. धाब्याचं बैठं घर बांध. उंबरे बसके ठेव आणि ओटा ऐसपैस कर."

भिकुबाईला कळलं तेव्हा ती चिडली. "मन्हासाठे माडी सोडू नको. मी पिकेल पान शे."

"तू खाले नि आम्ही वर, असं घर माले नको, अक्का."

"बठ्ठा लोक हसतीन!"

मंजुळाबाई एरवी नणंदेपुढे बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "हसू द्या. पाया पक्का घातलाय. ज्याला हौस असेल तो पुढे चढवील माडी. मला मात्र तुमच्याशी बोलायला जिना उतरावा लागायला नको."

भिकुबाईनं पदर डोळ्यांना लावला.

माडीसाठी आणलेली सागाची लाकडं अभिमननं शेठच्या जळक्या गोदामाशी नेऊन टाकली. शेठ घेईना. शेवटी भिकुबाईनं निरोप धाडला: शेठनं मला पाठीवर घेतलं, तेव्हाच मी त्याची बहीण झाले, आता बहिणीच्या घरचं नाही म्हणू नये. शेठ हसला आणि लाकडं आत घेतली.

वास्तुशांतीला फुलचंदशेठ सहकुटुंब आला. भिकुबाई भिंत धरत, कुणाचाही हात न घेता, माजघरातून ओट्यापर्यंत चालत आली. मंजुळाबाईनं हळदकुंकवाची बोटं लावलेला नारळ तिनंच त्याला दिला. गल्लीतल्या बाया ओट्यावर तिच्याभोवती बसल्या, त्या दिवेलागण झाली तरी उठल्या नाहीत. अभिमन दारात उभा राहून नुसता बघत होता. आत मंजुळाबाई पाहुण्यांसाठी आणखी पुरणपोळ्या लाटायला बसली होती.