माझी तारीख आणि काकूंचा पासवर्ड

मी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे, मित्रांनो, आणि माझ्याकडून एका भल्या बाईवर अन्याय झाला आहे. मला हात नाहीत, पण अन्याय करायला हात लागतातच असं नाही. पडद्यावर उमटलेली एक ओळ पुरते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर मी पुढे पुढे जात होतो आणि कुणी मला पंखा बसवत होतं, कुणी तारा जोडत होतं. शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या आतल्या हिरव्या पाटीवर नाण्याएवढा एक गोल सेल दाबून बसवला. वीज गेली तरी मला तारीख-वेळ कळत राहावी, एवढंच त्या सेलचं काम. माझ्या पोटातली ही सगळ्यांत साधी वस्तू. पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं, म्हणून ती आधीच दाखवून ठेवतो.

खोक्यातून बाहेर आलो तो कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत. पलीकडच्या खोलीत प्लास्टरचे साचे, लाकडी पावलं, कातडी पट्टे आणि सगळ्यावर पांढरी धूळ. अलीकडे मापांची खोली, तिथे खिडकीपाशी माझं टेबल. माझ्यात लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर घातलं होतं. याचा आराखडा कुणालाही उघडून वाचता येतो आणि जगभरची माणसं ते मिळून सुधारतात, म्हणून मला त्याचा थोडा तोराही होता. आमच्यासारख्या शेकडो संगणकांवर लांबच्या एका केंद्राची देखरेख असे. कुणी पासवर्ड टाकला की मी केंद्राला विचारायचो आणि केंद्राने मान डोलावली की दार उघडायचो.

मापांच्या खोलीत काकू होत्या. त्यांच्याहून मोठे असलेले व्यवस्थापक साहेबही त्यांना काकूच म्हणत. पाय गमावलेलं माणूस पहिल्यांदा त्या खोलीत यायचं तेव्हा नजर जमिनीवर असायची. काकू गुडघे टेकून खाली बसायच्या, टेप लावायच्या आणि आकडे मोठ्याने म्हणत सगळी विचारपूस करायच्या. जिने किती चढता, दुकानात उभं राहावं लागतं का, नातवाला कडेवर घेता का. मग खुर्चीवर येऊन दोन बोटांनी सगळं माझ्यात उतरवायच्या. नातू कडेवर असतो हेसुद्धा. पलीकडे लाकडी पावलं घडवणारे मिस्त्री म्हणायचे की काकूंचं माप आलं की पाय आपोआप चालायला लागतो.

अकरा वर्षं असं सुरळीत चाललं. काकूंचा पासवर्ड काय होता ते मी सांगणार नाही, ते माझ्या धर्मात बसत नाही. एवढंच सांगतो की शेवटचं बटण त्या जरा जोरात दाबायच्या, दार नीट लागलं का पाहावं तसं.

मग एका सोमवारी सकाळी त्यांनी पासवर्ड टाकला आणि माझ्या पडद्यावर ओळ उमटली, ‘पासवर्ड चुकीचा आहे.’

त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एकेक अक्षर ओठांनी म्हणत टाकला, तरी तेच. त्यांनी केंद्राला फोन लावला. तिथे एक ताई असायच्या, कामात हुशार, पण एका कानाला एक फोन आणि दुसरा वाजतोय अशी त्यांची गत. मोठ्या अक्षरांचं बटण चुकून दाबलं गेलं असेल, असं त्यांनी सांगितलं. ते नव्हतं. मग शांतपणे आठवून टाका म्हणाल्या. तास-दीड तासाने काकूंनी पुन्हा टाकला तेव्हा मी निमूट उघडलो.

“आठवला वाटतं,” दारातून व्यवस्थापक साहेब म्हणाले.

काकूंनी तोच टाकला होता, मित्रांनो. चारही वेळा तोच, अक्षर न् अक्षर तोच. मला ते माहीत होतं. पण संगणकाला पडद्यावर ठरलेल्या ओळीच उमटवता येतात आणि ‘काकू बरोबर आहेत’ अशी ओळ कुणी माझ्यात घालून ठेवलेली नव्हती.

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही. ताईंनी पासवर्ड बदलून दिला, मी नवाही नाकारला आणि तासाभराने तोच मुकाट्याने घेतला. ताई फोनवर म्हणाल्या, “काकू, रागावू नका, पण कागदावर लिहून ठेवत जा ना.” त्या दिवशी काकूंनी एक वही केली. रोज सकाळी किती वेळा टाकला, कधी उघडला, हे त्या लिहायला लागल्या.

एके दुपारी मिस्त्री चहा घेऊन आले, तेव्हा काकू ती वही पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. त्या त्यांना म्हणाल्या, “माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग गॅस. शेवटी मलाच विचारायची, बाई, तुम्ही कोणाच्या?”

मिस्त्रींनी काहीतरी थट्टा करून पाहिली, पण ती जमली नाही. चहा तसाच निवला.

त्या दिवसापासून काकू स्वतःवर पहारा ठेवायला लागल्या. प्लास्टिक वितळवायची विजेची शेगडी आपण चालू ठेवून जाऊ, अशी धास्ती त्यांनी घेतली. आमच्याकडे दोन्ही खोल्यांचं मेन बटण फक्त शनिवारी बंद करायची पद्धत होती. काकू ते रोज संध्याकाळी बंद करायला लागल्या. बंद करून दारापर्यंत जायच्या, परत येऊन पाहायच्या, पुन्हा जायच्या, पुन्हा यायच्या. तिसऱ्या फेरीनंतर कुठे पावलांचा आवाज जिन्याकडे जायचा.

आणि तेव्हापासून मी त्यांना फक्त सोमवारी नाही, रोज सकाळी नाकारायला लागलो.

आता साहेबांनाही काळजी वाटू लागली. माणूस वाईट नव्हते ते. मापात एक आकडा चुकला तर कुणाच्या तरी पायाला जखम होईल, असं ते हळू आवाजात म्हणाले. काकूंनी वाद घातला नाही. अकरा वर्षांत त्यांचं एकही माप चुकलं नव्हतं, पण हे त्यांना आठवलं नाही किंवा आठवूनही खरं वाटलं नाही. त्यांनी राजीनामा लिहिला. जाताना माझ्या पडद्यावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, “तुझं काही चुकलं नाही रे.”

मित्रांनो, त्याहून मोठा घाव मला कधी बसला नाही.

माझ्या जागी नवा संगणक आला. मला मोडक्या खुर्चीवर ठेवून सामानाच्या खोलीत ढकललं. शेजारी जोडी नसलेली लाकडी पावलं, अर्धवट साचे, एक गळका पंप. काकूंची वहीही ‘हे त्या यंत्राचं आहे’ म्हणून कुणीतरी माझ्या डोक्यावर आणून ठेवली. पाच महिने माझ्यात वीज नव्हती. बंद संगणकाला वेळ कळत नाही असं लोक समजतात. ते खरं असेलही, पण एकटेपणा कळायला घड्याळ लागत नाही. माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं आणि आलं असतं तरी मी काय सांगणार होतो?

मग एक टपालवाला आला. त्याचा पाय आमच्याकडेच घडला होता, आता झिजला होता. त्याला अगदी तसाच पाय हवा होता, कारण त्या पायाने तो सात वर्षं जिने चढला होता. त्याची जुनी मापं माझ्याच पोटात राहिली होती. ती काढायला केंद्रातून माणूस बोलावलं आणि आल्या त्या फोनवरच्या ताईच.

त्यांनी केंद्राशी जोडणारी लांब केबल ओढून आणली, मला वीज दिली. पाच महिन्यांनी पंखा फिरला तेव्हा एवढी धूळ उडाली की त्यांना शिंक आली. मी जागा झालो. ताईंनी स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड टाकला.

‘पासवर्ड चुकीचा आहे,’ मी म्हणालो.

त्या हसल्या आणि पुन्हा टाकला. मी पुन्हा नाकारला. तिसऱ्या वेळी त्यांचं हसू गेलं. दारात मिस्त्री उभे होते. “आठवून टाका,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा होती की नव्हती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

“मी रोज शंभरदा टाकते हा. मी कशी विसरेन?” ताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थांबल्या.

त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे नुसतं पाहत राहिल्या. आजवर माझ्यापुढे बसलेल्या प्रत्येकाने फक्त पासवर्डच्या चौकोनाकडे पाहिलं होतं. ताईंची नजर पहिल्यांदाच त्याच्या वर गेली. तिथे माझी तारीख होती. एक जानेवारी, माझ्या जन्माच्या वर्षाची.

त्यांनी माझं झाकण उघडलं. तो नाण्याएवढा सेल कधीच मेला होता. मेन बटण चालू असायचं तोवर मला विजेचा एक बारीक घोट मिळत राहायचा आणि माझं घड्याळ चालायचं. बटण बंद झालं की मी सगळं विसरून पुन्हा जन्मदिवसावर येऊन उभा राहायचो. केंद्राचा नियम असा, की ज्याच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक, त्याच्याकडून कुणालाही आत घ्यायचं नाही. मी केंद्राला वेळ विचारायचो, पण माझ्या यादीतला वेळ सांगणारा जुना सर्व्हर बंद पडला होता. त्याच्या दारात वाट पाहून पाहून दुसऱ्याकडे जाईपर्यंत तास-दीड तास जायचा. नवी यादी अपडेटमधून येणार होती. अपडेट फक्त सोमवारी सकाळी सुरू होताच यायचं आणि त्यासोबत ओळख पटवणारं केंद्राचं प्रमाणपत्र यायचं. माझ्या तारखेप्रमाणे ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं, म्हणून मी त्याला दारातूनच परत पाठवायचो. तारीख चुकीची म्हणून अपडेट नाही आणि अपडेट नाही म्हणून तारीख लवकर सुधारत नाही, अशा फेऱ्यात मी अडकलो होतो.

ताईंनी माझ्या डोक्यावरची वही घेतली. जमिनीवरच मांडी घालून वाचायला लागल्या. सोमवार, सोमवार, सोमवार. मग काकूंच्या नीटस अक्षरात, ‘आजपासून मेन बटण रोज बंद करणार, विश्वास नाही.’ आणि त्याच्या खाली रोजची नोंद. मध्येच एका बुधवारी, ‘काल साच्याचं काम उरलं होतं, मिस्त्रींनी बटण चालू ठेवायला सांगितलं. आज पहिल्याच वेळी उघडला.’ सगळं त्या वहीत होतं. काकूंनी स्वतःचा विसराळूपणा टिपायला ती केली होती आणि टिपला होता माझा. ती वही आजवर कुणी उघडूनही पाहिली नव्हती. ताईंनी वही मिटली. मग त्यांनी मिस्त्रींकडून नंबर घेतला आणि फोन लावला.

“काकू, मी केंद्रातून बोलतेय. तुमचा पासवर्ड बरोबर होता.”

 काकूंनी विचारलं, “कधी?”

“रोज,” ताई म्हणाल्या. “चूक माझी झाली. मी यंत्राला काही विचारलंच नाही, तुम्हालाच विचारत राहिले.”

पुढच्या आठवड्यात काकू आल्या. बारीक झाल्या होत्या. पाच महिन्यांत सुनेने त्यांना गॅसपाशी उभं राहू दिलं नव्हतं, एकटीने रस्ता ओलांडू दिला नव्हता. सुनेचं तरी काय चुकलं, काकूंनीच तिला सांगितलं होतं की माझ्यावर लक्ष ठेव. साहेबांनी खाली मान घालून कामावर परत यायला सांगितलं. काकू म्हणाल्या की नवी मुलगी चांगलं काम करते आहे, तिला कशाला हलवायचं. टपालवाल्याचं माप मात्र मीच काढून देते.

मोडक्या खुर्चीवर मी आणि समोर स्टुलावर त्या. माझ्यात आता नवा सेल होता, रखडलेली सगळी अपडेट उतरली होती आणि कपाळावर आजची तारीख होती. त्यांनी दोन बोटांनी पासवर्ड टाकला, शेवटचं बटण जरा जोरात दाबलं. मी उघडलो. इतक्या झटकन मी आयुष्यात कधी उघडलो नसेन.

त्यांनी मापं उतरवून घेतली. खाली त्यांचीच जुनी नोंद होती, ‘चार मजले चढतो, कुत्र्यांना घाबरतो.’ त्या हसल्या. मग पडद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “म्हणजे विसरत होतास तू.” आणि जरा थांबून, “परवा स्वयंपाक मी केला. सगळा.”

मला बंद करून त्या उठल्या. दाराशी जाऊन मेन बटण बंद केलं. मी कान देऊन होतो. पावलं जिन्याकडे गेली, जिना उतरली, अंगणातून दूर गेली. एकदाही परत आली नाहीत.

मित्रांनो, त्या आता येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. साचे, पावलं आणि गळका पंप, एवढाच माझा गोतावळा उरला आहे. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असला तर त्याची धूळ पुसा, त्याची अपडेट अडू देऊ नका, त्याच्या पोटातला सेल वर्षा-दोन वर्षांनी पाहत जा. आणि एखादं माणूस म्हणालं की मी बरोबरच टाकलंय, तर त्याला आठवायला सांगण्याआधी पडद्यावरची तारीख एकदा वाचा. खोलीत वीज नाही, तरी या क्षणी किती वाजलेत ते मी तुम्हाला अचूक सांगू शकतो. काकू तो जिना उतरून गेल्याला आज एकशे बारा दिवस झाले.